दारवान

पहाटे साडेचारला वाडी नाक्यावर बस येते,
तेव्हा शुक्राची चांदणी पाठीमागे, शहराच्या बाजूला असते.
उत्पला म्हणते, आई, हीच ती. बॅबिलोनची इश्तार.
पहाटे दिसली की लढाईची,
अ‍ॅसिरियाचे राजे तिचं नाव घेऊन चढाई करायचे.
मावळतीला दिसली की माणसाला माणसाच्या कुशीत धाडणारी.
म्हटलं, म्हणजे दोन पाळ्या करते.

माझी नोकरी बायकांना चाचपायची.
बारुद भरायच्या खोलीत धातू चालत नाही,
एक ठिणगी पुरते.
डूल काढ. फिरकीही.
मंगळसूत्र काढताना कुणी आधी डोळ्यांना लावते,
कुणी पदराआड काढते.
चंद्रकला नेवारे असं काढायची
जसं घामोळ्याची पावडर लावायला काढावं.
बांगड्या, करगोटा, जोडवी.
पिनांवरून रोज भांडण:
"काहून वं मावशी, पदर का डिंकानं चिकटवू?"
शेवटी साडीच. आत पांढरा सुती अंगरखा.

आमच्याकडे दारं तीनच,
पण काढायच्या वस्तू मोजल्या तर सात होतात.

उत्पलाच्या वहीत हेच आहे, मातीच्या पाटीवरून उतरवलेलं.
देवी खाली उतरली, बहिणीच्या राज्यात.
(बहिणी म्हणजे काळी न् पिवळी मारबत का,
इतवारीत समोरासमोर येतात तशा?
ती हसली. तशाच समज.)
दर दाराशी एकेक दागिना गेला,
दर दाराशी तिनं विचारलं, हे का घेतोस?
आणि दारवान म्हणाला,
आत जा बाई, खालच्या राणीचा कायदा आहे.

माझे हातपाय गार पडले. हे वाक्य माझं आहे.
अठरा वर्षं हेच बोलते,
फक्त राणीच्या जागी सेफ्टीसाहेब.
दारवानाचं नाव काय? मी विचारलं.
तिनं पानं उलटली. नाव दिलेलं नाही, म्हणाली.

चंद्रकलेनं एकदा मुकादमाच्या कानाखाली वाजवली होती,
एका पोरीचा खाडा खोटा लावला म्हणून.
त्याच हातानं दुपारी डब्यातली अर्धी पोळी
फडक्यात बांधून ठेवायची.
नवरा शेळ्या राखायचा. त्याला तिच्या हातची शिळी आवडते,
असं सांगताना तिचे कान लाल व्हायचे,
डुलांशिवायचे कान.

मे महिन्यातला मंगळवार. दहा वाजून चाळीस.
आधी आवाज आला नाही, आधी सगळे कावळे उठले.

वहीत आहे: देवी खाली होती तोवर
वर बैल गाईकडे गेला नाही,
नवरा बायको वेगळे निजले.
बर्डीवर काही थांबलं नाही.
उसाच्या रसाचे घुंगरू वाजत होते.

खोके कुठं जातात, मला ठाऊक नाही.
उत्पला म्हणते, तिच्या देवळांवर आता वाळू आहे
आणि वाळूवरही मधूनमधून युद्ध.

गोष्टीत देवी वर येते.
दारवान एकेक दागिना परत देतो, उलट्या क्रमानं.
टोकन बेचाळीसचा डबा मीही उलट्या क्रमानं रिकामा केला,
तिच्या नवऱ्याच्या ओंजळीत.
साडी, जोडवी, करगोटा, बांगड्या.
त्यानं अंगठा उठवला. मग पिना मोजल्या.
एकदा. पुन्हा एकदा.
"ती पाच लावे, बाई. ह्या चार हायेत."

साहेबांनी चौकशीत पिनेचं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
डब्याच्या फटीत पाहिलं, टेबलाखाली, झाडूच्या केरात,
माझ्या स्वतःच्या ब्लाउजला.
मला तिचा पदर आठवतो, निळा.
माझा हात खांद्यावरून फिरला होता.
फिरला होता ना?

आज नवी पोट्टी आली, टोकन बेचाळीस.
चांदणी अजून विझली नव्हती.
"हे काहून घेता, मावशी?"
आत जा बाई, म्हटलं,
आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.
मी तिचा खांदा परत चाचपला. परत.
मागे रांग थांबली होती.